दुसरा कोहळा

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकू नका, टेकलात की डोळा लागतो. कोणाला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, मग मधे उठू नका. बुवा लोक आधी पूर्वरंग लावतात, मला तेवढी विद्या नाही. मी आपला एकदम आख्यानाला हात घालतो. गोष्ट आहे एका गेरूच्या रेघेची आणि ती रेघ ज्यानं कधी मोडली नाही त्या माणसाची. ऐकून झाली की मी तुमच्याजवळ एक मागणं मागणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

कुसुमटोला हे गाव वडशाहून पाच कोस पूर्वेला. धानाचे बांध संपतात आणि ऐन-बिजाची झाडं सुरू होतात, तिथं बरोबर मधोमध एक गोटा बसला आहे. आमच्या झाडीपट्टीत दगडाला गोटाच म्हणतात, मग तो मुठीएवढा असो की घराएवढा. हा गोटा चोवीस हात उंच. माथ्यावर शेंदराचा मारुती आणि त्याचा झेंडा. मागच्या अंगानं चांगला उतार आहे, म्हाताऱ्या बायाही तेलाची वाटी सांभाळत देवापर्यंत जाऊन येतात. पण चैत्री पुनवेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, नवा झेंडा त्या वाटेनं जात नाही. तो गोट्याच्या तोंडाकडून जातो. झेंडा छातीला गुंडाळलेला, पाय अनवाणी, आणि बोटांच्या पेरांना सापडेल तेवढाच दगड.

एवढी सोपी वाट असताना हा खटाटोप कशाला, असं परगावचे पाहुणे विचारत. तेव्हा गोष्टीत पुढं येणाऱ्या रामाजीचा बाप म्हणायचा, "देवानं सोपी वाट ठेवलीच हाय रे बाबा. पण वर्षातून एक दिवस तरी कोणी कठीण वाटेनं जावं. नाई तर सोपी वाट देल्ली त्याचे उपकार कसे समजन?"

या रामाजीच्या बापानंच ती रेघ काढली होती. आधीच्या काळी माणसं तशीच चढत आणि तशीच पडत. कोणी लंगडा झाला, कोणी गेला. तेव्हा म्हाताऱ्यानं गोट्याच्या पायथ्याची माती भुसभुशीत करून घेतली, घरटी एक पेंडी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणवली, ती पसरली, आणि शिडीवर चढून एक एक हात वर जात पिकलेले कोहळे खाली टाकले. पाच हातांवरून टाकला, साबूत राहिला. आठ हातांवरून, साबूत. दहा हातांवरून टाकला तोही राहिला. अकराव्या हाताला कोहळा फुटला. म्हाताऱ्यानं दहाव्या हातावर गेरूची आडवी रेघ ओढली आणि गावाला म्हणाला, "हिच्या खालून पडला त माणूस उठून शिव्या देईन. हिच्या वरून पडला त बाकीचे लोक त्याच्याबद्दल बोलतीन."

त्या दिवसापासून नियम झाला. रेघेच्या खाली दोर नाही. तिथं माणूस आणि दगड यांचा खेळ, खाली तणीस आणि हात पसरून उभे असलेले चार सोबती. रेघेच्या वर मात्र दोराशिवाय बोट लावायचं नाही. दोर अंबाडीचा, माथ्यावरच्या वेढ्याचा भाग सोडून चौदा हात लांब. त्याचं एक टोक माथ्यावरच्या खुंट्याला वेढा देऊन धरायचं, दुसरं टोक बरोबर रेघेवर लोंबतं सोडायचं. चढणाऱ्यानं रेघेपर्यंत यायचं, तिच्या जरा खाली टीचभर कंगोरा आहे त्यावर पाय रोवायचे, दोर कमरेला बांधायचा आणि मग पुढं जायचं. आणि दोर धरायचा कोणी? चढणाऱ्याच्या साळ्यानं, दुसऱ्या कोणी नाही. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत असतं त्याची मूठ घामानंही सुटत नाही. म्हणूनच बिनलग्नाच्या माणसाला रेघेच्या वर मज्जाव.

बाप गेल्यावर हे काम रामाजीकडे आलं. दर साली शिडी लावून रेघेवर ताजा गेरू फिरवायचा आणि रेघेवरून एक कोहळा तणशीवर टाकायचा. साबूत राहिला की 'बोला बजरंगबली की' म्हणून चढाई सुरू. कोहळ्याचा मग प्रसाद व्हायचा. रामाजी साठीचा, धिप्पाड, देवभोळा. कीर्तनाचं वेड त्याला इतकं की बैलाला चारा टाकतानाही गव्हाणीवर बोटं मृदंगाच्या बोलात वाजत. कुठल्याही गावी बुवा उभे राहणार असं कळलं की हा मृदंग पाठीला बांधून निघाला.

त्याचा मुलगा बुधू, मुलगी कमळा. कमळा दिली होती गावातच, सुगंधाबाईच्या एकुलत्या एक लेकाला, कोलूला.

कोलू म्हणजे घोरपडीच्या पायाचा माणूस. दिसायला काटकुळा, पण दगडाला चिकटला की दगडाचाच होऊन जायचा. लग्न झाल्यापासून दोन साल झेंडा त्यानंच नेला होता आणि दोर बुधूनं धरला होता. ही गोष्ट तिसऱ्या सालची, एकोणीसशे पंचावन्नची.

त्या साली शिवरातीच्या सुमाराला मोहाच्या झाडाखाली सासरा-जावई बसले होते. कोलू म्हणाला, "मामाजी, रेघ थोडी वर सरकवा न."

"कितीक?"

"जास्त नाई. हात-दीड हात. तिथवर मी डोळे मिटून जातो, तुमी पाह्यलंच हाय. मधे दोर बांधाले थांबलो का हाताची गरमी निघून जाते. पुढचा दगड मंग परका लागते."

"रेघ तुह्या हातासाठी नाई, कोलू. रेघ गावासाठी हाय. आज तुह्यासाठी दीड हात वर नेली, उद्या कोणी अजून दीड हात मांगन. एक दिवस रेघ मारुतीच्या पायाशी जाऊन बसन आन दोर आमी बाज विणाले वापरू."

बाजूला मुखरू मोहफुलं वेचत होता. तोंडाचा फटकळ माणूस. तो म्हणाला, "कोल्या, तुले सासऱ्याची रेघ पुसता येत नाई, तू गोटा काय चढशीन बे!"

कोलू हसला. त्याला राग येतच नसे. "राहू द्या मामाजी. रेघेच्या खाली बिनदोर, वर दोरानं. कमळेले तसं वचनच देल्लं हाय मी. ते म्हणे, माहा भाऊ वर बसला हाय तोपर्यंत मले भेव नाई, पण तू त्याच्या दोराच्या बाहीर जाऊ नोको."

रेघ तिथंच राहिली. रामाजीला मनातून समाधान वाटलं. जावई ऐकणारा मिळाला.

आता त्याच हिवाळ्यातली एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगतो. गोष्ट चांगल्या कामाची आहे, म्हणूनच नीट ऐका.

वडशाचे भैयाजीबुवा दर एकादशीला कुसुमटोल्यात कीर्तनाला येत. आवाज असा की बांधावरचा माणूस ओंब्या कापता कापता थांबे. पण गाव जमिनीवर बसायचं, बुवा जमिनीवर उभे राहायचे, मागच्या बायांना त्यांचं तोंड दिसायचं नाही. देवळापुढं एक ओटा बांधावा असं ठरलं. माती कुठली आणायची? रामाजी म्हणाला, "मारुतीच्या पायाची आणू. त्या मातीवर कीर्तन उभं राह्यलं त देव आपोआप खाली येऊन बसन."

सगळ्यांना ते पटलं. पौषभर गाव गोट्याच्या पायथ्याची माती टोपल्यांनी वाहत होतं. पहिलं टोपलं रामाजीनं डोक्यावर घेतलं. कोलूनं खणलं, बुधूनं भरलं, कमळानं आणि इतर बायांनी वाहिलं, म्हाताऱ्यांनी ओट्यावर पाणी शिंपून चोपलं. भजन म्हणत म्हणत काम झालं, कोणाला थकवा जाणवला नाही. ओटा दीड हात उंच झाला, शेणानं सारवला, कोपऱ्याला तुळस लावली. खणलेली जागाही सपाट करून घेतली. बुवा पहिल्यांदा ओट्यावर उभे राहिले तेव्हा मागच्या रांगेतली सुगंधाबाई म्हणाली, "आज बुवाचे हात दिसले वं माय!" रामाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

चैत्री पुनव उजाडली. पहाटे जन्माचं कीर्तन झालं, सूर्याची कोर वर आली तसा पाळणा हलला, सुंठवडा वाटला. बुवांनी त्या दिवशी सांगितलं की मारुतीला आपल्या बळाचा विसर पडला होता, ते जांबवंतानं आठवून दिलं. "माणसाला दोन सोबती हवेत," बुवा म्हणाले. "एक, तू हे करू शकतोस म्हणणारा. दुसरा, इथून पुढं सांभाळ म्हणणारा. पहिला पुष्कळ ठिकाणी भेटतो." रामाजीनं मृदंगावर थाप मारून मान डोलावली. आपण दुसऱ्यातले, असं त्याला वाटलं असेल.

मग सगळे गोट्याकडे गेले. तणीस पसरून झाली होती, घरटी एक पेंडी, नेमानं. रामाजीनं शिडी लावली आणि गेरूची वाटी घेऊन चढला. दर साली नवव्या दांडीवर उभं राहिलं की रेघ त्याच्या छातीसमोर येई. यंदा नवव्या दांडीवर हात वर करावा लागला. तो दहाव्या दांडीवर गेला, मग अकराव्या, शेवटच्या. तेव्हा कुठं कुंचला नीट फिरला.

खालून मुखरू ओरडला, "भाऊ, तुमी खुटून राह्यले! पुढच्या साली खांद्यावर घ्या लागन तुमाले!"

"बुढा झालो ना रे," रामाजी म्हणाला. सगळे हसले, तोही हसला.

मग बुधूनं कोहळा वर दिला. रामाजीनं देवाचं नाव घेतलं आणि कोहळा सोडला. तणशीत धप्प आवाज झाला आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज झाला, टणक. मुखरूनं तणीस बाजूला केली. कोहळ्याचे दोन तुकडे झाले होते.

बाप गेल्यापासून वीस वर्षांत कोहळा फुटला नव्हता.

रामाजी शिडीवरून उतरला. तुकडे हातात घेऊन पाहिले. देठाजवळ थोडं काळं होतं. कार्तिकापासून आढ्याला टांगलेला कोहळा, चैत्रापर्यंत देठ काळं पडतंच. पण त्याला ते काळं दिसलं आणि जीव भांड्यात पडला.

"सडका होता," तो म्हणाला. "देठाले पाय, काळा पडला हाय. दुसरा आणा रे कोणी. कमळे, तुह्या घरी हाय नं?"

"हाय ना बाबा, चांगला निब्बर हाय," कमळा म्हणाली आणि पदर खोचून पळाली. घर जवळच होतं. ती धापा टाकत कोहळा घेऊन आली, पांढरी राख अंगावर असलेला, जड. रामाजी परत चढला. कोहळा सोडला. या खेपेला नुसतं धप्प. मुखरूनं उचलून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. साबूत.

"बोला बजरंगबली की!"

"जय!"

ज्यानं नाही म्हटलं त्याला बाजूला ठेवलं आणि ज्यानं हो म्हटलं त्याचा जयजयकार केला. माणसाचं असंच असतं, बाबांनो. मी तुम्हाला वेगळं काय सांगू.

बुधू मागच्या वाटेनं माथ्यावर गेला. खुंट्याला वेढा देऊन दोर सोडला, टोक रेघेवर आलं. माथ्याचं कपाळ पुढं आलेलं आहे, त्यामुळं वरच्याला खालचं काही दिसत नाही. त्याला जे कळायचं ते दोरातूनच. दोराला वजन आलं की समजायचं, भाऊजी आले.

कोलूनं झेंडा छातीला गुंडाळला, सासऱ्याच्या पाया पडला, आईच्या पाया पडला. कमळाकडे नुसतं पाहिलं. मग दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि चढला. दोन हात, चार हात, सहा. पायाची बोटं दगडाला अशी धरत होती, जसं वासराचं तोंड आचळाला. रेघ आता त्याच्या डोक्याच्या वर वीतभर राहिली होती. कंगोऱ्यावर पाय टाकायचा, की दोर हातात.

त्यानं उजवा हात वर नेला. डाव्या पायाखालची खपली निघाली. टिकलीएवढी खपली, नंतर सापडली ती. कोलू पाठीवर आला, जसा आधीही पाच-सात वेळा आला असेल, हसत. चौघांनी हात पसरले होते. त्यांच्या हातांना घासून तो तणशीत पडला आणि पुन्हा तोच आवाज झाला, धप्पच्या खालचा टणक आवाज.

लोक शिव्यांची वाट पाहत राहिले. दर वेळी तो पडला की आधी शिवी आणि मग हसू यायचं.

माथ्यावर बुधू दोर धरून बसला होता. बराच वेळ झाला, वजन आलं नाही. त्यानं हाक दिली, "भाऊजी, बांधला का?" कोणी ओ दिली नाही. त्यानं दोर सोडला नाही. नियम होता. खालून कमळाचा आवाज वर आला तेव्हाही दोर त्याच्या मुठीत होता आणि हलकाच होता.

सूर्य डोक्यावर यायच्या आत कोलू गेला.

दुःख घरात शिरलं की बसायला जागा शोधतं. सुगंधाबाईनं एकुलता लेक घालवला होता. तिला एवढंच दिसलं होतं की कोलूनं हात वर नेला, दोराकडे, आणि तो पडला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर ती म्हणाली, "दोर खाली आलाच नोता. साळ्यानं दोर वर ओढून ठेवला होता. माहा कोलू दोर शोधत मेला."

पंचांनी दोर मोजला. चौदा हात, बरोबर. गोट्यावर नेऊन सोडून पाहिला. टोक रेघेला टेकलं, बरोबर. पण लोकांच्या तोंडाला माप कुठं असतं? "त्या टायमाले ओढला असन." "झोप लागली असन बाप्पा." "पहाटपासून कीर्तनात जागा होता नं." बुधूनं तरी कशावर शपथ घ्यायची? त्यानं तर काही पाहिलंच नव्हतं. सगळ्यात वाईट हे की कमळा त्याच्याशी बोलेना. तो सुगंधाबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला की कमळा उठून आत जाई. एकदा तो दाराशी म्हणाला, "कमळे, मी दोर सोडला नोता वं." आतून कडी लागल्याचा आवाज आला.

महिना व्हायला आला तसं बुधूनं बापाला सांगितलं, "बाबा, मी सिरोंच्याकडे जातो. सागवानाच्या तोडीवर माणसं घेऊन राह्यले म्हणते. इथी मले कोणी पान्याले विचारत नाई."

"वापस कई येशीन?"

"नाई येत."

त्या दिवशी दुपारी रामाजी शिडी खांद्यावर घेऊन एकटाच गोट्याकडे गेला. मनात होतं, ती रेघ पुसून टाकावी. बापानं काढलेली असली म्हणून काय झालं, जी माणूस वाचवत नाही ती रेघ कशाला?

तणीस लोकांनी केव्हाच बैलांसाठी नेली होती. पायथा उघडा पडला होता. रामाजीनं शिडी टेकवली तर खालून खट्ट आवाज आला. तो खाली वाकला. मातीचा पातळ थर होता, आणि त्याच्याखाली दगड. गोट्याचंच मूळ, कासवाच्या पाठीसारखं वर आलेलं. इथं त्याच्या बापानं भुसभुशीत करून ठेवलेली माती होती. ती कुठं गेली?

तो वर पाहू लागला, आणि तेव्हा त्याला दुसरी रेघ दिसली.

ती कोणी काढलेली नव्हती. गोट्याच्या अंगावर, जमिनीपासून दीड हात वर, एक आडवी मातकट खूण होती. तिच्या वरचा दगड उन्हापावसानं काळा पडलेला, तिच्या खालचा दगड फिका, कोरा, नुकताच उघड्यावर आलेला. शंभर वर्षं माती जिथवर टेकून होती, तिथवरची ती खूण.

रामाजी शिडीच्या पायाशी बसला. नववी दांडी, दहावी, अकरावी. तो खुटून बुटका झाला नव्हता. कोलूनं दीड हात रेघ वर मागितली होती आणि त्यानं नाही म्हटलं होतं. आणि नाही म्हणायच्या आधीच, भजन म्हणत म्हणत, पहिलं टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेऊन, त्यानं ती दीड हात वर नेऊन ठेवली होती. रेघेला बोट न लावता.

देवानं त्याला सांगितलं नव्हतं असंही नाही. शिडीकडून सांगितलं, ते त्यानं हसण्यावारी नेलं. कोहळ्याकडून सांगितलं, तर त्यानं दुसरा कोहळा मागितला.

रेघ तशीच ठेवून तो घरी आला. घरी येऊन काय केलं म्हणाल, तर काहीच नाही. दोन दिवस तसेच गेले. आता सांगितलं नाही तरी चालतं, असं मन म्हणत होतं. कोलू परत थोडाच येणार आहे? गाव कीर्तनाला बसतं त्या ओट्याला आपण हत्या लावायची? बुधू जवान आहे, कुठंही पोट भरेल. मन फार गोड बोलतं, बुवांपेक्षाही गोड. पण बुधूनं गाठोडं बांधलं, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरवलं.

वैशाखातली पहिली एकादशी. दिवस कलायच्या आधी बुवा आले. त्यांनी सुगंधाबाईला निरोप धाडला होता की सुनेला घेऊन या, दुःखातल्या माणसानं घरात कोंडून राहू नये. दोघी मागच्या रांगेत बसल्या. बुधू देवळाच्या खांबाआड उभा होता. बुवा ओट्यावर उभे राहिले, रामाजीनं मृदंग मांडीवर घेतला. नमन झालं. बुवांनी हात वर केला, टाळ सुरू झाले, आणि मृदंग वाजलाच नाही.

"रामाजी?" बुवा हळूच म्हणाले.

रामाजीनं मृदंग खाली ठेवला, ओट्यावरून उतरला आणि गावासमोर हात जोडून उभा राहिला.

"मले वर बसून वाजवता येत नाई, बुवा. हा ओटा कोलूच्या पायाखालची माती हाय."

कोणाला काही समजलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. शिडीच्या दांड्या सांगितल्या, मातीची खूण सांगितली, उघडा पडलेला दगड सांगितला. "दोर बरोबर होता. रेघ बरोबर होती. बुध्या त्याच्या जागेवर बरोबर होता. जमीन खाली गेली होती, आन ते मी नेली. कोहळ्यानं मले सांगितलं, मी त्याले सडका म्हटलं. सुगंधाबाई, शिव्या द्याच्या त मले दे. माह्या पोराले नोको देऊ."

सुगंधाबाई जागेवरच बसून ओट्याकडे पाहत राहिली. हाच तो ओटा, ज्यावर तिला पहिल्यांदा बुवाचे हात दिसले होते. मग ती म्हणाली, "मीही टोपलं वाह्यलं होतं, रामाजीभाऊ. माती कोलूच भरून देऊन राह्यला होता." आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

कमळा मात्र उठून पुढं आली. बापासमोर उभी राहिली. महिन्याभरात तिचा चेहरा वाळलेल्या पानासारखा झाला होता.

"दुसरा कोहळा मी आणला होता, बाबा."

"मी मांगला म्हणून आणला तू."

"घरी दोन होते. लहान होता तो हलका होता. मी मोठा निवडला, निब्बर. फुटू नये म्हणून. मले झेंडा जाताना पाहाचा होता."

रामाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय होतं त्याच्याजवळ? मग कमळा वळली आणि खांबाआड गेली. बुधू मान खाली घालून उभा होता. तिनं त्याच्या दोन्ही मुठी हातांत घेतल्या आणि बोटं एक एक करून उलगडली, जशी काही त्या दिवसापासून त्यानं ती उघडलीच नव्हती. "सोड आता, दादा," ती म्हणाली. "तू धरून होता, मले समजलं." तेव्हा कुठं बुधू रडला.

त्या दिवशी कीर्तन झालं नाही. बुवा ओट्यावरून उतरले, अंगावरचा शेला कमरेला बांधला आणि म्हणाले, "देवाला ऐकायला उंच जागा लागत नाही. टोपली आणा." पहिलं टोपलं त्यांनीच भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओटा नव्हता. माती जिथली तिथं गेली, मातकट खुणेपर्यंत.

बुधू सिरोंच्याला गेला नाही. बापाच्या मागं शिडी त्याच्याकडे आली. रेघ अजून आहे. पण आता गेरू फिरवायच्या आधी तो जमिनीवर गुडघे टेकतो, हातानं चाचपतो आणि जमिनीपासून वर मोजत जातो. कोहळा कमळा सोडते. केस पांढरे झाले तिचे, तरी तीच सोडते. फुटला तर त्या साली झेंडा मागच्या वाटेनं जातो, मुकाट. कुसुमटोल्यात दुसरा कोहळा कोणी मागत नाही. आणि बुधूनं स्वतःच्या हातानं वळलेला तो चौदा हातांचा दोर परत कोणासाठी धरला नाही. धरणार तरी कोणासाठी? बहीण एकच. घरात आढ्याला टांगलेला आहे, तिसऱ्या सालचं वजन न लागलेला.

रामाजी त्यानंतर सात वर्षं जगला. मृदंग वाजवला, पण जमिनीवर बसून, आणि सम आली की त्याचा हात क्षणभर वर थांबायचा, जणू कोणाची वाट पाहतो आहे. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा ताल चुकला.

आता माझं मागणं. कधी वडशाच्या बाजूनं गेलात आणि बांधाच्या कडेला त्या गोट्यावर झेंडा फडकताना दिसला, तर मारुतीला हात जोडाच, ते मी सांगायला नको. पण मग डोळे खाली आणा, रेघेपर्यंत, आणि रेघेच्याही खाली वीतभर. तिथं तो थांबला होता. त्यानं वचन मोडलं नाही, रेघ ओलांडली नाही, दोरासाठी हात वर नेला होता. क्षणभर उभे राहा आणि कोलूचं नाव घ्या. एवढं कराल ना?